एमएम ५४० : एक्सडीपी बांधायचं की डीआय बसवायचं?

वेल्ह्याचा_हौदेवाला

नमस्कार मंडळी. वडिलांनी घेतलेली महिंद्राची १९९४ ची एमएम ५४० जीप आहे, फोर बाय फोर, इंजिन मूळचंच प्यूजो एक्सडीपी ४.९० डिझेल. मागची बाकडी काढून तिथं छोटा हौदा केलाय, त्यामुळे आमच्याकडे ती जीप कमी आणि पिकअप जास्त. खताच्या गोण्या, भाताची पोती, पाइपचे बंडल, एकदा तर शेजाऱ्यांचं आजारी वासरूसुद्धा नेलंय. शेत डोंगराच्या अंगाला आहे. शेवटचा टप्पा पावसाळ्यात लो रेंजशिवाय (फोर व्हीलच्या हळू पण जोरदार गियरशिवाय) चढतच नाही.

इंजिन आता दमलंय. तेल टाकायचं झाकण उघडलं की धूर भकाभका बाहेर येतो, पाबे घाटात वजन असलं की काटा लालकडे सरकतो, गेल्या वर्षी हेड गॅसकेट बदललं तरी पाणी कमी होतंच. सकाळी हीटर प्लग तापवून तापवून बॅटरी बसते.

नसरापूरचे मिस्त्री म्हणतात, बोलेरोचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन डिझेल) इंजिन टाकू, ताकद वाढेल आणि पळेलही. पुण्यातला एक मित्र म्हणतो टाकायचंच तर सीआरडीई (इलेक्ट्रॉनिक कॉमन रेल डिझेल) टाक. बजेट दीड लाखाच्या आत. महिन्यातून दोनतीनदा हायवेनं पुण्याला जाणं होतं, बाकी सगळं शेत आणि घाट. गियरबॉक्स चार गियरचा मूळचा आहे आणि छान चालतोय. काय करू?

नाशिकचा_जीपवाला

इंजिनाला लगेच शिव्या देऊ नका. १९७९ मध्ये महिंद्रानं प्यूजोचं लायसन घेतलं ते याच इंजिनासाठी, आणि त्यानं पुढं किती वर्षं गावोगाव वडाप ओढलं ते सगळ्यांनी पाहिलंय. ओला लायनर आहे, म्हणजे ब्लॉक बोअर करायला नको, लायनर-पिस्टनचा सेट उपटून नवा घालता येतो. तुमची खरी कटकट बहुतेक हेडची आहे. ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचं. एकदा तापलं की हेड वाकतं, आणि वाकलेल्या हेडवर कितीही चांगलं गॅसकेट टाका, पाणी जाणारच. गेल्या वर्षी गॅसकेट बदलताना हेडवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेज सरकवून पाहिला होता का? हेड प्लेन केलं होतं का? प्रेशर टेस्ट? नसेल तर ते काम झालंच नाही असं समजा.

रेडिएटर उघडून रॉड मारून घ्या, लायनर-पिस्टन, रिंगा, बेअरिंग, नोझल, पंप कॅलिब्रेशन. दीड लाखाच्या बऱ्याच आत बसेल. आरसीवरचा इंजिन नंबर तोच राहतो हा वेगळाच फायदा.

घाटवाट_फोरबायफोर

भावा सीआरडीईच टाक. थारवालं २४९८ सीसी, १०५ हॉर्सपॉवर. एकदा चालवलंस की परत मागं बघणार नाहीस. पंजाब-हरियाणाकडं असल्या गाड्या रोज बनतात.

उद्यमनगरकर

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर आयुष्य गेलं. इंजिन आणि गियरबॉक्सच्या मधल्या अॅडॉप्टर प्लेटा हे आमचं रोजचं काम. त्यामुळं मी हॉर्सपॉवरपासून सुरुवात करत नाही, आरपीएमपासून करतो. वरच्या सगळ्या चर्चेत तेच सुटलंय.

तुझं एक्सडीपी म्हणजे ९० मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), ८३ स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल), २११२ सीसी. बोअर मोठा, स्ट्रोक आखूड, म्हणून ते फिरतं. साठ-बासष्ट हॉर्सपॉवर देतं, पण ती ४५०० आरपीएमला. डीआय बघ. बोअर ८८.९, स्ट्रोक १०१.६, म्हणजे सरळ साडेतीन इंच बाय चार इंच. २५२३ सीसी. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या बीडी १५४ ट्रॅक्टर इंजिनाच्या खानदानातलं आहे ते, आणि १५४ म्हणजे तेच सीसी घनइंचात. एमडीआय ३२०० हे नाव ऐकलं की लोकांना वाटतं ३२०० सीसी. इंजिन २५२३ चंच आहे, ३२०० आरपीएमला त्याची पूर्ण ताकद येते, आणि ती आहे ६३. म्हणजे हॉर्सपॉवर तुझ्या आत्ताच्या इंजिनाएवढीच!

फरक टॉर्कमध्ये आहे. एक्सडीपीचा साधारण १२ किलोग्रॅम-मीटर, म्हणजे १२० न्यूटन-मीटरच्या आसपास. पहिल्या थारमध्ये जे टर्बो डीआय आलं त्याचा १८०च्या वर, तोही १५००-१८०० आरपीएमला. दीडपट धर. शेतात, चिखलात, गोण्या भरून चढावर हे इंजिन राजा आहे. क्लच सोडला की अॅक्सिलरेटरला पाय न लावता चढ चढतं.

आता ‘पळेलही’ या शब्दाकडे येऊ. चौथा गियर डायरेक्ट, एकास एक. सहाशे-सोळाचा टायर एका फेऱ्यात जवळपास सव्वादोन मीटर जातो. डीआय ३२०० वर ताणलं आणि मागच्या डिफरन्शियलमध्ये ५.३८ चा क्राउन-पिनियन असला, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे ५.३८ फेरे, तर हिशेब ८० किलोमीटरवर संपतो. ४.८८ असला तर ८८. ४.२७ असला तर १०१. तुझं एक्सडीपी त्याच ४.८८ वर कागदोपत्री १२४ पर्यंत जातं. हवेचा विरोध आणि जीपचा आकार बघता तेवढी ती कधीच पळत नाही हे सोड, पण ८० च्या चालीला ते निवांत असतं. त्याच ८० ला डीआय बोंबलत असेल. म्हणजे नुसतं इंजिन बदललंस तर घाट सुखाचा होईल आणि हायवे दुःखाचा. मिस्त्रींनी हे सांगितलं नसेल, कारण ते गाडी गॅरेजबाहेर दोन किलोमीटर फिरवून देतात. तिथं सगळीच इंजिनं पळतात.

म्हणून आधी तुझा रेशो काढ. घरीच निघतो. गाडी सपाट जागी, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड, गियर न्यूट्रल, फोर व्हील काढलेलं, हँडब्रेक सोडलेला. मागचं एकच चाक जॅकवर उचल आणि घोडी लाव, नुसत्या जॅकवर भरवसा नको. टायरवर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूनं खूण कर. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरव आणि शाफ्ट किती फिरला ते दुसऱ्याला मोजायला लाव. एकच चाक फिरतंय, दुसरं जमिनीवर आहे, म्हणून दोन फेरे. नाहीतर डिफरन्शियल अर्धा हिशेब खाऊन टाकतं. शाफ्टचे पाच आणि वर तिसऱ्या हिश्श्याहून थोडे जास्त फेरे झाले तर ५.३८. पाचाला किंचित कमी पडले तर ४.८८. सव्वाचार झाले तर ४.२७. खात्रीच हवी तर मागचं कव्हर उघडून दात मोज: ४३ ला ८, ३९ ला ८, ४७ ला ११.

रेशो बदलायचा ठरला तर एक गोष्ट पक्की डोक्यात ठेव. पुढचा आणि मागचा दोन्ही बदलावे लागतात. मागं ४.२७ आणि पुढं ४.८८ ठेवून फोर व्हील टाकलंस तर दोन्ही जोड (अ‍ॅक्सल) एकमेकांशी भांडणार, कोरड्या रस्त्यावर तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या जोडांना ताकद वाटणारा डबा) नाहीतर शाफ्टचा क्रॉस तुटणार. ‘पुढचं कुणी वापरतंय रोज’ म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नको. तू वापरतोस.

दुसरा रस्ता पाच गियरच्या बॉक्सचा. पाचवा ओव्हरड्राइव्ह असल्यानं डीआयचे फेरे हायवेला खाली येतात. पण बॉक्सची लांबी बदलली की दोन्ही प्रोपेलर शाफ्ट कापून-वाढवून बॅलन्स करावे लागतात, आणि पुढच्या हौसिंगचा गोळा (डिफरन्शियलचा फुगीर भाग) ज्या बाजूला आहे त्याच बाजूला ट्रान्सफर केसचा पुढचा शाफ्ट यायला लागतो. बाजू उलटी आली तर खर्च दुप्पट. तुझा बॉक्स चांगला आहे म्हणतोस ना, मग त्याच्या वाटेला जाऊ नको.

आता आमच्या घरचा विषय, बेल हाउसिंग, म्हणजे इंजिन आणि गियरबॉक्स जोडणारं क्लचवरचं कवच. एक्सडीपीची आणि डीआयची बोल्टांची वर्तुळं जुळत नाहीत, मध्ये काहीतरी घालावंच लागतं. शक्य असेल तर ज्या गाडीचं इंजिन घेतोस तिचं बेल हाउसिंग, फ्लायव्हील, प्रेशर प्लेट आणि सेल्फ त्याच सौद्यात मागून घे. नंतर सुटं शोधायला गेलास की प्रत्येक जण वेगळा भाव सांगतो. क्लच प्लेट मात्र मिश्र असते: बाहेरचा व्यास फ्लायव्हीलचा, मधल्या झऱ्या (स्प्लाइन, शाफ्टवर बसणाऱ्या खाचा) तुझ्या गियरबॉक्सच्या शाफ्टच्या. शाफ्टचं टोक क्रँकच्या मागच्या बेअरिंगमध्ये किती आत जातं तेही मोजून घ्यायचं. कमी गेलं तर ते झुलतं, जास्त गेलं तर तळाला टेकून क्रँक पुढं ढकलतं आणि थ्रस्ट बेअरिंग खातं.

प्लेट गॅसनं कापून ड्रिलनं भोकं पाडलेली घेऊ नको. बघायला ठीक दिसते, केंद्र चुकलेलं असतं. आमच्याकडं तपासायची रीत अशी: प्लेट आणि बेल हाउसिंग इंजिनाला कसायचं, गियरबॉक्स अजून लांब. मॅग्नेटचा डायल गेज फ्लायव्हीलवर उभा करायचा, त्याचं टोक बेल हाउसिंगच्या मधल्या गोल भोकाच्या आतल्या कडेला टेकवायचं आणि पाना लावून क्रँक हळूहळू एक पूर्ण फेरा फिरवायचा. सुई सगळ्या फेऱ्यात मिळून पाव मिलिमीटरच्या आत हलली तर उत्तम. त्यापेक्षा जास्त हलली तर बोल्ट ढिले करून हाउसिंग लाकडी हातोडीनं सरकवायचं, परत कसायचं, परत फिरवायचं. जुळलं की तिथंच रीमर मारून दोन डॉवेल पिना ठोकायच्या, म्हणजे पुढच्या वेळी क्लच उघडला तरी जागा हलणार नाही. डॉवेल नसलेली प्लेट नुसत्या बोल्टांवर राहते, आणि बोल्टाच्या भोकात ढिलाई असतेच. अशी गाडी पहिले काही महिने मस्त चालते. मग गियरबॉक्सचं पुढचं बेअरिंग गुरगुरायला लागतं, गियर उडायला लागतो, क्लच प्लेटचा मधला भाग तडकतो, आणि दोष बिचाऱ्या गियरबॉक्सला जातो.

घाटवाटवाल्या भावाला: सीआरडीई इंजिन झकास आहे, वाद नाही. पण ते एकटं येत नाही. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), अख्खं वायरिंग, इलेक्ट्रॉनिक पेडल, क्रँक आणि कॅमचे सेन्सर, इंटरकूलर, त्या ईसीयूशी जुळलेली किल्ली. एक तुकडा कमी असला तर इंजिन नुसतं शोभेला. दीड लाखात हे बसत नाही, आणि ऐन पावसात शेताच्या बांधावर सेन्सर गेला तर वेल्ह्यात स्कॅनर घेऊन कोण येणार?

नाशिकचा_जीपवाला

उद्यमनगरकर, हिशेब पटला. पण मग तुमच्याच हिशेबानं त्यानं एक्सडीपी बांधावं असं निघत नाही का? हॉर्सपॉवर तेवढीच आणि हायवेही राहतो.

उद्यमनगरकर

निघतं की. हेड आणि ब्लॉक शाबूत असतील तर मीही तेच सांगेन. ज्या माणसाला रोज हायवे आहे त्याला डीआय सांगणारा मिस्त्री शहाणा नाही. पण याचं वजन, चढ आणि चिखल बघता डीआयचा टॉर्क त्याच्या कामाचा आहे, आणि हायवे महिन्यातून दोनतीनदा. हेड उघडून तपासल्याशिवाय दोन्ही बाजूंनी बोलणं म्हणजे हवेतला बार. हेडला दोन व्हॉल्व्हच्या मध्ये तडा असला तर निर्णय आपोआपच झाला.

वेल्ह्याचा_हौदेवाला

काका, खूप आभार. चाक फिरवून पाहिलं, शाफ्ट बायकोनं मोजला. पाचाला अगदी थोडा कमी. म्हणजे ४.८८ ना? मिस्त्रींना हे सांगितलं तर ते हसले, म्हणाले एवढं कोण बघतं.

हेड पुण्याला टेस्टिंगला पाठवलंय. तोवर दोन प्रश्न. कागदपत्रांचं काय? मिस्त्री म्हणतात ‘कंपनी एकच आहे, काही होत नाही, एजंट करून देतो’. आणि दुसरं, डीआय टाकलं तर पुढचे पाटे (स्प्रिंगा), ब्रेक वगैरे बदलावं लागेल का?

पासिंगवाला_सातारा

कागदाचं मी सांगतो, याच धंद्यात आहे.

आरसीवर चेसिस नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही असतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की उत्पादकानं मुळात दिलेल्या तपशिलाशी आरसीचा तपशील विसंगत होईल असा बदल गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं नवं कलम १८२अ आलं. परवानगीशिवाय सुटे भाग लावून बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागं पाच हजार दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे.

मेल्या इंजिनाच्या जागी त्याच जातीचं इंजिन बसवणं आणि वेगळ्या जातीचं बसवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपनी एक असली तरी एक्सडीपी आणि डीआय एका जातीची नाहीत, सीसीसुद्धा वेगळं. म्हणून काम सुरू करण्याआधी आरटीओत लेखी अर्ज करा आणि लेखी उत्तर घ्या. आधी बसवून मग परवानगी मागायला गेलात तर तुमच्या हातात काही उरत नाही. नाही म्हणाले तर नाशिकवाल्यांचा रस्ता आहेच.

इंजिन कुर्ल्याहून घ्या नाहीतर कुठूनही, पक्कं बिल हवं. बिलावर इंजिन नंबर, आणि ज्या गाडीतून निघालं तिच्या आरसीची प्रत. नंबरच्या जागी ग्राइंडर फिरलेला किंवा नव्यानं ठोकल्यासारखा दिसला तर कितीही स्वस्त असलं तरी सोडून द्या. चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलीस मिस्त्रीला नाही, तुम्हाला बोलावतील.

तुमची गाडी पंधरा वर्षांच्या केव्हाच पुढं गेलीय, म्हणजे दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला उभी राहणार. तिथं इन्स्पेक्टर चेसिस आणि इंजिन नंबर ताडून बघतो. शिवाय अपघात झाला आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरला वेगळं इंजिन दिसलं तर दावा अडकतो. तुमचा हौदाही त्या दिवशी कुणाच्या तरी डोळ्यावर येणार आहे, तोही याच अर्जात विचारून घ्या.

उद्यमनगरकर

पासिंगवाल्यांनी सांगितलं ते आधी कर, माझं नंतर.

होय, ४.८८. मिस्त्रींना हसू दे. वहिनींना मात्र गॅरेजला घेऊन जा, मोजणारं माणूस हाताशी असलेलं बरं.

पाटे: डीआय जड आहे. इंजिन बसल्यावर जीप पुढून किती बसली ते मोज. आत्ताच, जुनं इंजिन असताना, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी लिहून ठेव, नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार? बसली असेल तर एक पाटा वाढव किंवा कमान मारून घे. उगाच चार पाटे घालून गाडी उंच करू नको, पुढच्या शाफ्टचे कोन बिघडतात.

चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं): याकडे कुणी बघत नाही. इंजिन फाउंडेशनवर (चेसिसवरच्या त्याच्या बैठकीवर) टेकवल्यावर चेंबरचा तळ आणि पुढच्या जोडाचा गोळा यांच्यात किती जागा आहे ते गाडी उभी असताना बघून उपयोग नाही. पाटे पूर्ण दबले की जोड वर येतो. बंप स्टॉप आणि जोड यांच्यातलं अंतर मोज, चेंबरखाली त्याहून बोटभर जास्त जागा हवी. नसेल तर फाउंडेशन उचलायचं किंवा चेंबर कापून घडवायचा. इंजिन उचललं तर बॉनेट आणि पंख्याची जागा परत बघायची. पंखा रेडिएटरच्या मध्यावर आला नाही आणि त्याला कव्हर नसलं तर पाबे घाटात काटा परत लालकडे जाईल, आणि तू म्हणशील नवं इंजिनही तापतं.

फाउंडेशनचे रबर डीआयचेच घे. मोठ्या स्ट्रोकचं चार सिलिंडर इंजिन उभ्या गाडीत हादरतं, जुन्या रबरावर बसवलंस तर आरसे आणि दात दोन्ही वाजतील. फाउंडेशनचे कान चेसिसला वेल्ड करताना बॅटरीची दोन्ही टोकं काढ, आणि चॅनलच्या वरच्या-खालच्या पट्टीवर आडवी वेल्डिंग अजिबात मारू देऊ नको, चेसिस तिथंच तडकते. उभ्या बाजूला प्लेट लावून बोल्ट.

ब्रेक: वेग वाढणार नाही, पण वजन वाढतंय. चारी ड्रम उघडून लायनर आणि सिलिंडर बघून घे. तुझ्या गाडीला बूस्टर असेल तर व्हॅक्यूम कुठून येणार ते आधी ठरव. डिझेल इंजिनाच्या मॅनिफोल्डमधून तो मिळत नाही. डीआयच्या डायनामोच्या पाठीला व्हॅक्यूम पंप असतो, त्याला इंजिनातून तेलाची बारीक नळी येते आणि परतीची जाड नळी चेंबरला जाते. भंगारातलं इंजिन घेताना या दोन नळ्या हमखास कापलेल्या असतात. परतीची नळी बारीक लावली की तेल पंपात साचतं, सील जातं आणि डायनामो तेलानं भरतो. ती मूळ मापाचीच लावायची.

हेडचा रिपोर्ट आला की इथं टाक. तडा नसेल तर इंजिन शोधायला कुर्ल्याला जायची घाई करू नको. जायचंच ठरलं तर चालू इंजिन बघ, तेलाचं झाकण उघडून धूर बघ, आणि थंड असताना स्टार्ट करायला लाव. दुकानदारानं तू यायच्या आधीच तापवून ठेवलं असेल तर ‘चहा घेऊन येतो’ म्हण आणि दोन तासांनी परत जा.